डावरा नभराज

पंचाक्षरीजवळ सांगण्यासारख्या गोष्टी मोजून तीन होत्या. पहिली, त्याच्या आज्यानं निजामाच्या तहसीलदाराला ओसरीवर चढू दिलं नाही ती; तिच्यावर खुद्द घरात कुणाचा विश्वास नव्हता. दुसरी, लातूर जिल्हा झाला त्या दिवशी मिरवणुकीत त्याची चप्पल हरवली आणि एका पुढाऱ्याच्या पायात सापडली ती. ती चारचौघांत सांगायची सोय नव्हती, कारण पुढारी अजून पुढारीच होता आणि चप्पल अजून त्याच्याच पायात होती. उरली तिसरी. ती तो कुठंही सांगे, कितीदाही सांगे, आणि ऐकणारा पुरेसा हसला नाही तर शेवट पुन्हा सांगे.

ही तिसरी गोष्ट डावऱ्या नभराजची.

कप्तान नभराज आधी पुस्तकातून आला. पिवळट कागदाची, चित्रांची पातळ पुस्तकं, निलंग्याच्या बाजारात दोरीला कपड्यासारखी वाळत घातलेली असत. मग तो सिनेमात आला. रुपेरी बूट, छातीवर डाव्या अंगाला तारा, उजव्या हातात विजेचं पिस्तूल आणि बुडाखाली 'राजहंस' नावाचं यान. या यानाचं इंजिन दर दोन पानांनी बंद पडे. मग कप्तान त्याला एक लाथ घाली आणि ते सुरू होई. इकडच्या पोरांना नभराज आपला वाटला तो त्या लाथेमुळं; विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला बाप हेच करताना त्यांनी पाहिलेला. आणि बहात्तर सालात तर तो देवाच्या वरताण झाला, कारण त्या सिनेमात तो मंगळावर जाऊन तिथल्या राणीनं कोंडून ठेवलेल्या नद्या सोडवत होता.

"बहात्तर साल," पंचाक्षरी सुरुवात करी. "दुष्काळ असा, की गावातल्या चिमण्या पाहुणपणाला दुसऱ्या गावी गेलेल्या. आणि अशात आमच्या गावात तंबू आला!"

दुष्काळात सिनेमाचा तंबू कसा, असं इकडचं माणूस विचारत नाही. किल्लारीच्या रस्त्याचं काम निघालं होतं, पाच गावची माणसं खडी फोडायला जमली होती. आणि जिथं माणसं जमतात तिथं जिलेबीवाला, दात काढणारा आणि तंबूवाला येतोच. तंबू उभा राहिला पंचाक्षरीच्या बापाच्या, शिवमूर्तीअप्पांच्या खळ्यावर. त्या साली खळ्याला दुसरं काही काम नव्हतं.

"शेवटच्या आठवड्यात तंबूवाला शाळेत आला," पंचाक्षरी पुढं सांगे. "म्हणाला, जो नभराजचं झकास चित्र काढील त्याला शेवटच्या खेळाला पुढं, पडद्यासमोर, खुर्चीवर बसवणार. आता आमच्या वर्गात एक भीमा होता, वस्तीतला. हात असा, की म्हशीचं चित्र काढलं तर त्याच्यावर माशी बसावी. त्यानं काढला नभराज! हणमंतराव गुरुजींनी कागद वर धरला, वर्ग गार! आणि मी बघतो तर काय..." इथं तो थांबून बशीतला चहा ओढी. "पिस्तूल डाव्या हातात! तारा उजव्या अंगाला! मी नभराजचं पुस्तक घेऊन उठलो. म्हटलं, गुरुजी, हे बघा. गुरुजी भीमाला विचारतात, 'काय रे, सिनेमा बघितलास का तरी?' 'हाव गुरुजी, रोज बघून राहिलो.' 'मग पिस्तूल कोणत्या हातात असतंय?' आणि हे येडं छाती काढून म्हणतंय, 'डाव्या!'"

ऐकणारे हसत.

"गुरुजींनी कान असा पिळला. 'न बघता थापा मारतोस?' तरी डावाच! रडतंय, आणि डावाच म्हणतंय! त्या दिवसापासून त्याचं नावच पडलं, डावरा नभराज."

बक्षीस कुणाला मिळालं हे विचारायचं कुणाला सुचत नसे. आणि पंचाक्षरी ते आपण होऊन सांगत नसे.

जिल्ह्याला वर्ष होत आलं होतं. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून 'लातूर' लिहिलेलं होतं, आणि काही पाट्यांवर खालचं अक्षर अजून वर डोकावत होतं. पंचाक्षरी ज्या कचेरीत कारकून होता तिथं सगळी माणसं बदलून आलेली, कुणी कुणाच्या गावचं नाही. अशा ठिकाणी माणसाची किंमत त्याच्या कामावरून लवकर ठरत नाही, गोष्टीवरून ठरते. पंचाक्षरीला सगळे 'कप्तान' म्हणत. शिपाई सटवाजीसुद्धा चहा ठेवताना म्हणे, "घ्या कप्तान, राजहंसात तेल टाका."

वर्षदिनासाठी एक उत्सव समिती झाली. समितीनं ठरवलं, पोरांसाठी वाचनालय काढायचं. एका बंद पडलेल्या अडत दुकानाची लांब खोली मिळाली. तिच्या मोठ्या भिंतीवर चित्र हवं होतं. कुणी म्हणालं सरस्वती, कुणी म्हणालं थोर पुढारी; पण कोणते आणि किती, यावर बैठक दोनदा मोडली. तिसऱ्या बैठकीत पंचाक्षरीनं कप्तान नभराजचं नाव काढलं.

साहेबांनी चष्मा काढला. साहेब तिकडचे, घाटाखालचे; आजवर ते फाईलबाहेरचं काही बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "राजहंसाचं इंजिन बंद पडलं की काय करायचा हो तो?"

"लाथ मारायचा, साहेब."

"लाथ मारायचा," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

रंगारी कोण, हे पंचाक्षरीनं आधीच ठरवलं होतं. नांदेडला एका सिनेमाच्या दारावरच्या भल्यामोठ्या बोर्डाखाली त्यानं बारीक सही वाचली होती, 'भीमा पंढरी'. बहात्तरनंतर काही वर्षांनी भीमाचा बाप पंढरी विष्णुपुरीच्या धरणावर कामाला गेला, आई भामाबाईही गेली, आणि पोरगा नांदेडात बोर्ड रंगवणाऱ्याच्या हाताखाली लागला, एवढं त्याला गावाकडून कळलं होतं. त्यानं कार्ड टाकलं. या बोलावण्यात गाववाल्याबद्दलची माया किती, आपण चार माणसांना कामाला लावू शकतो हे दाखवायची हौस किती, आणि आपल्या गोष्टीतलं पात्र जिवंत आणून उभं करायचा मोह किती, हे त्याला विचारलं असतं तर त्यानं सगळंच मायेच्या नावे मांडलं असतं. मनापासून मांडलं असतं, हेच त्यातलं वाईट.

भीमा आला. हातात पत्र्याची पेटी, काखेत कागदाची लांब गुंडाळी, नखांत निळा रंग. उंच झाला होता, चष्मा लागला होता.

"नमस्कार, साहेब."

"अरे, साहेब काय! एका वर्गातले आपण. पंचू म्हण की."

भीमा हसला, पण म्हणाला नाही.

चहाच्या वेळी पंचाक्षरीनं त्याला कचेरीत नेलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं. "ओळखा कोण? आमचा डावरा नभराज!" मग गोष्ट झाली. अगदी रंगात झाली, कारण आज पुरावा शेजारी उभा होता. सटवाजी तर इतका हसला की हातातली किटली कलली. भीमाही हसला. पाहुण्यानं वाढलेलं संपवावं तितकंच, ताटात काही राहू नये म्हणून.

"कप्तान," साहेब डोळे पुसत म्हणाले, "उद्या उद्घाटनात हीच गोष्ट सांगा. मुलांना फार आवडेल."

दुपार कलल्यावर पंचाक्षरी वाचनालयाकडे गेला. दारातून आत शिरला आणि तिथंच थांबला. समोरच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं, आणि खिडकीशी उभा राहून भीमानं दोन्ही हातांनी पुरुषभर उंचीचा कागद धरला होता. मोठं चित्र भिंतीवर उतरवायचं तर रंगारी आधी कागदावर काढून त्याच्या रेघारेघांवर सुईनं भोकं पाडतो. मग कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटतो, की ठिपक्याठिपक्यांनी चित्र भिंतीवर उमटतं. त्या हजार भोकांतून ऊन गळत होतं. उजेडाच्या ठिपक्यांचा नभराज हवेत उभा होता. रुपेरी बूट, तारा, पिस्तूल.

पिस्तूल डाव्या हातात होतं.

"भीमा!" पंचाक्षरीला हसू आवरेना. "अरे, अजून डावराच? अकरा वर्षं झाली की रे!"

कागदामागून आवाज आला. "कुठून बघून राहिलात, साहेब?"

"हा इथून. दारातून."

"अन् आता इकडं या."

पंचाक्षरी कागदाला वळसा घालून खिडकीकडे गेला, भीमाच्या शेजारी उभा राहिला. कागद तोच, भोकं तीच. नभराजच्या उजव्या हातात पिस्तूल होतं, डाव्या अंगाला तारा होता.

"कागदाला दोन बाजू असतेत," भीमा म्हणाला. "पडद्यालाबी होत्या."

"म्हणजे?"

भीमानं दातात धरलेली टाचणी काढली. "तुमच्या खळ्यावर पडदा मधोमध बांधलेला. मशीन अन् तुमच्या गाद्या इकडं. आमी पलीकडं, कडब्याच्या गंजीच्या अंगाला. अप्पांनीच चुन्याची रेघ मारून दिल्ती. ध्यानात न्हाई?"

रेघ ध्यानात होती. ती मारताना चुन्याचं घमेलं पंचाक्षरीनंच धरलं होतं. नव्या सदऱ्यावर चुना उडाला म्हणून आईनं त्याला मारलंही होतं. अकरा वर्षांत ती रेघ त्याला कैकदा आठवली होती, आणि दर वेळी सदऱ्यासकट आठवली होती, रेघेपलीकडच्या माणसांसकट कधीच नाही.

"मागं... तिकीट कमी होतं ना?" त्यानं विचारलं. काहीतरी तर निघावं.

"तेवढंच की, तुमच्याइतकंच." भीमा कागद गुंडाळत होता. "मागून नीट दिसावं तर पडदा पाण्यानं भिजवाया लागतोय. त्या साली पाणी कुठलं? धुरकट दिसायचं. सुरुवातीची नावं उलटी यायची, वाचता येत न्हवती. मला लई दिवस वाटायचं, सिनेमाची नावं कन्नडात लिहितेत म्हणून."

"तुला कवा कळलं, उलटं होतं ते?"

"नांदेडात. पहिला बोर्ड रंगवायचा होता, मालकानं आत नेऊन पुढं बसिवलं. हिरोइनीच्या गालावरचा तीळ या गालावरून त्या गालावर गेला." तो हसला. हे हसू मात्र खरं होतं. "मी मालकाला म्हनलं, बाई बदलली का काय!"

पंचाक्षरीला हसता आलं नाही. त्याला बक्षीस आठवलं. खुर्ची त्यालाच मिळाली होती. नभराजच्या पुस्तकावर पातळ कागद ठेवून, कंदिलाच्या काचेवर धरून त्यानं चित्र छापून घेतलं होतं. हात, तारा, पिस्तूल, सगळं बिनचूक. त्याची गादी एरवीही पुढंच असे. बक्षिसानं तो चार हात आणखी पुढं सरकला, एवढंच. आणि ज्याला ती खुर्ची मिळाली असती तर जन्मात पहिल्यांदा नभराज सुलटा दिसला असता, तो त्या दिवशी कान चोळत रेघेपलीकडे जाऊन बसला होता.

"तू बोलला का नाहीस?"

"त्या दिशी मलाच ठावं न्हवतं. मला वाटलं, पुस्तकच चुकीचं हाय."

"आज? चहाच्या वेळी?"

"आज तुमच्या सगळ्यांचा चहा थंड झाला असता."

पंचाक्षरी खोलीभर फिरला. ज्याला लाज वाटते त्याला लगेच काहीतरी देऊन टाकावंसं वाटतं. आणि देताना तो हाताला लागेल ते देतो. "भीमा, असं करू," तो म्हणाला. "तुझा डावरा नभराजही काढ. मोठा काढ. मागची भिंत मोकळीच आहे, बाहेरून, गल्लीच्या अंगाला. रंगाचं मी साहेबांना सांगतो."

भीमानं पुरचुंडी कोळशात बुडवली.

"मागची?" तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. पंचाक्षरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भीमानं कागद भिंतीला लावला, सुलटा, आणि पुरचुंडी आपटायला सुरुवात केली. "मंजुरी उजव्यालाच हाय की, साहेब. जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली भरून वाहत होती. भीमानं रात्रभर जागून भिंतीवर उतरवलेला नभराज असा झाला होता की पोरं त्याच्या बुटांना बोटं लावून रंग निघतो का बघत होती. पहिल्या रांगेत, साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत, गावाहून आलेले शिवमूर्तीअप्पा बसले होते. डोईला कडक फेटा, गुडघ्यावर काठी. लेकाचं भाषण ऐकायला आले होते. बायकांत उमादेवी, पंचाक्षरीची बायको, उदगीरकडची. नवऱ्याच्या गोष्टी तिला पाठ होत्या आणि तो कुठं चुकतो तेही. भीमा अगदी मागं, दारालगत, आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसला होता. त्याला पुढं कुणी बोलावलं नव्हतं. पंचाक्षरीच्या हे लक्षात आलं तेव्हा तो माइकसमोर उभा होता.

"आता आपले कप्तान," साहेब म्हणाले, "डावऱ्या नभराजची गोष्ट सांगतील."

पंचाक्षरीपुढं दोन वाटा होत्या. जुनी गोष्ट जशीच्या तशी सांगायची, आणि दारालगतचा माणूस पुन्हा तेवढाच हसलेला पाहायचा. किंवा खरी सांगायची. चुन्याच्या रेघेसकट, ती रेघ मारणाऱ्या बापासमोर. अप्पा कान पुढं करून बसले होते.

"बहात्तर साल," तो म्हणाला. चिमण्या पाहुणपणाला गेल्या. तंबू आला. गुरुजींनी कागद वर धरला. "आणि बघतात तर काय, पिस्तूल डाव्या हातात! असा येडा वर्गात कोण होता, सांगा बरं?" पोरं ओरडली, "कोण? कोण?"

पंचाक्षरीला तिसरी वाट दिसली.

"मी!" तो म्हणाला.

असा हशा त्याच्या या गोष्टीला आजवर मिळाला नव्हता. दुसऱ्याच्या फजितीपेक्षा स्वतःची फजिती जास्त विकली जाते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग तो सुटला. स्वतःचा कान पिळून दाखवला, "डावाच! डावाच!" म्हणून रडून दाखवलं. साहेबांनी मांडीवर थाप मारली. आणि या सगळ्यात, खरं सांगायचं तर, मध्ये थोडा वेळ त्याला मजाही आली. अप्पा तेवढे गोंधळले होते. पण लोक हसतायत म्हटल्यावर तेही हसले.

टाळ्या वाजत असतानाच तो खाली उतरला आणि गर्दीतून थेट दाराशी गेला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

"बरोबर केलं ना, भीमा? सगळं माझ्या अंगावर घेतलं."

भीमा पेटीची कडी लावत होता. "झकास सांगितलात." त्यानं पेटी उचलली. "म्हंजी आता ते चित्रबी तुमचंच झालं."

आणि तो पायऱ्या उतरून गेला.

घराकडे जाताना उमादेवी गल्लीच्या तोंडापर्यंत झपझप पुढं चालली. तिथं थांबली.

"अय्यो, मी एक विचारू का? कालपर्यंत तो येडा भीमा होता. आज तुम्ही. पुढच्या वर्षी काय मामंजी का?"

"अगं, ते... त्याला वाईट वाटू नये म्हणून."

"मग वाटलं नाही का वाईट?"

पंचाक्षरी चपलेनं रस्त्यावरचा खडा ढकलू लागला.

"आणि तुम्ही उलटा काढाल कसा हो? तुमच्या बुडाखाली घरची गादी, पडदा नाकासमोर. उलटा काढायचा तर पडद्यामागं बसायला लागतं. एवढं मला कळतंय, मी चौथी शिकलेली." मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलेलं त्याला दिसलं. "कान त्याचा पिळला," ती हळू म्हणाली, "आणि टाळ्या तुम्ही घेतल्या. आता तर कानही घेतला." मग तिनं पदर खोचला. "नांदेडची गाडी साडेतीनची असते. जावा."

तो गेला, चालत नाही, पळत. बसस्टँडावर धुरळा आणि हॉर्न. नांदेडच्या गाडीचं इंजिन सुरू होतं. भीमा खिडकीशी बसला होता, मांडीवर पेटी. पंचाक्षरी खिडकीखाली उभा राहिला आणि जे बोलायचं ते खालच्या आवाजात बोलला.

"काय म्हनलात?" भीमानं कानाला हात लावला. "इंजिनात ऐकू येईना!"

पंचाक्षरीनं इकडंतिकडं पाहिलं. मग ओरडला. "तू खरं बोलत होतास! झकास चित्र तुझंच होतं! माझं छापलेलं होतं, पुस्तकावरून! खुर्ची तुझी होती!"

पुढच्या मागच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. एक म्हातारी कोंबडीची टोपली सावरत म्हणाली, "काय छापलं म्हनतोय गं बाई? नोटा का काय?" गाडीत हशा पिकला. पंचाक्षरीचं तोंड कानापर्यंत लाल झालं, पण तो खिडकीखालून हलला नाही.

भीमा हसला नाही. तो खिडकीतून वाकला. लातुरात आल्यापासून पहिल्यांदा त्यानं साहेब म्हटलं नाही, तुम्हीही म्हटलं नाही.

"हे मला कशाला सांगून राहिलास, पंचू? मला ठावंच हाय की. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग."

गाडी हलली. धुरळा खाली बसेपर्यंत पंचाक्षरी तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याचं नाव बदललेलं होतं. 'कप्तान' जाऊन 'डावरे साहेब' झालं होतं. बिलोलीहून एक नवे हेडक्लार्क त्याच सकाळी बदलून आले होते. चहाच्या वेळी साहेब स्वतः बाहेर आले, टेबलाच्या कडेला टेकले. घाटाखालचा माणूस असा टेकतो हे सटवाजीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"यांना ऐकवा, डावरे साहेब. सुरुवातीपासून."

सगळ्यांनी कप हातात घेतले. सटवाजी किटली धरून आधीच हसू लागला होता.

पंचाक्षरीनं बशी खाली ठेवली.

"आमच्या खळ्यावर पडद्याला दोन बाजू होत्या," तो म्हणाला. "मध्ये चुन्याची रेघ होती. रेघ माझ्या बापानं मारली. घमेलं मी धरलं होतं."

एवढं बोलल्यावर पुढचं आपोआप आलं. चिमण्या आल्या नाहीत, कान पिळून दाखवायची वेळ आली नाही. रेघेपलीकडे कोण बसत होतं, तिकीट किती होतं, पडदा कोरडा का होता, पुस्तकावर कागद कुणी ठेवला, काल टाळ्या कुणी घेतल्या. गोष्ट फार लहान निघाली. दोन मिनिटांत संपली. नवे हेडक्लार्क साहेबांकडे बघत होते, आता हसायचं का, म्हणून. साहेब कपात बघत होते. कुणीतरी खाकरलं. कुणाची तरी फाईल अचानक निकडीची झाली. सटवाजीचं हसू तोंडावरच राहिलं होतं, पुढं काय करायचं ते न कळून. मग ते हळूहळू गेलं, आणि तो खाली बघून किटलीचं झाकण लावू लागला.

साहेब उठून आत गेले. दारात क्षणभर थांबले, वळले नाहीत.

सटवाजी कप गोळा करत आला. एकेक उचलून बघत होता. सगळे भरलेले, सगळे थंड.

त्यानंतर त्या कचेरीत पंचाक्षरीला कुणी गोष्ट सांगायला सांगितलं नाही. नावही मागं पडलं; सगळे त्याला पंचाक्षरी म्हणू लागले, सरळ. त्याच्याजवळ सांगण्यासारख्या गोष्टी आता दोनच उरल्या होत्या. त्यातली एक खोटी होती, आणि दुसरीतला पुढारी अजून पुढारीच होता.